सम्राट चंद्रगुप्त मौर्य : पाटलिपुत्र ते कटवप्र

भगवान महावीरांच्या समवसरणात बसणारा राजा श्रेणिक आणि त्याचा पुत्र कुणिक ही नावे आपल्या घराघरांत परिचित आहेत. इतिहासग्रंथांत हेच पितापुत्र बिंबिसार व अजातशत्रू या नावांनी भेटतात. कुणिकाचा पुत्र उदायी याने गंगा आणि शोण यांच्या संगमाजवळ पाटलिपुत्र नगरी वसविली, आणि तेव्हापासून मगधाचे भाग्य या नगरीशी जोडले गेले. पुढे नंदांचे राज्य आले. नंदांनी कलिंग जिंकून तेथील जिनप्रतिमा मगधात नेली होती, हे खारवेलाच्या हाथीगुंफा शिलालेखावरून समजते. महामुनी स्थूलभद्रांचे पिता शकटाल हे याच नंदांचे मंत्री. भारतातील पहिले विशाल साम्राज्य ज्याने उभारले, तो चंद्रगुप्त मौर्य या नंदांच्या वैभवावर चालून आला.

त्याच्या कुळाविषयी मतभेद फार आहेत. ब्राह्मणी परंपरेतील काही ग्रंथ त्याला हीन कुळातील म्हणतात, बौद्ध ग्रंथ पिप्पलिवनाच्या मोरिय क्षत्रियांशी त्याचे नाते जोडतात. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात रचलेल्या परिशिष्टपर्वात तो राजाचे मोर पाळणाऱ्यांच्या गावी मुखियाच्या कन्येच्या पोटी जन्मला, असे सांगितले आहे. गर्भवती मातेला चंद्र प्राशन करण्याचे डोहाळे लागले. चाणक्याने छपराला भोक पाडून, थाळीतील दुधात पडलेले चंद्रबिंब तिला पाजून ते पुरविले, अशी ही कथा आहे. तिच्यात इतिहास किती, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु राजघराण्यात न जन्मलेला एक मुलगा सम्राट झाला, ही गोष्ट लोकांच्या मनाला किती भिडली होती, हे तीतून नक्कीच कळते.

त्याच परंपरेत चाणक्य हा जैन श्रावकाचा पुत्र आहे. नंदाच्या सभेत अपमान झाल्यावर त्याने नंदवंश उखडण्याची प्रतिज्ञा केली आणि या तेजस्वी मुलाला हाताशी धरले. पहिली चढाई थेट राजधानीवर केली आणि ती सपशेल फसली. दोघे वेष पालटून रानोमाळ भटकत असता एका खेड्यात रात्री एका वृद्धेच्या दारी थांबले. तिच्या घरच्या मुलाने उकळत्या पेजेच्या मधोमध हात घातला व तो भाजला. चाणक्यानेही कडेचे गार झालेले अन्न सोडून मध्यभागी हात घातला, म्हणूनच तो पोळला, असे ती म्हातारी मुलाला समजावू लागली. बाहेर उभ्या असलेल्या चाणक्याने ते ऐकले. त्यानंतर पर्वतक राजाशी सख्य करून सीमेवरील प्रदेश एकेक करीत घेतले गेले आणि शेवटी पाटलिपुत्राला वेढा पडला. बौद्ध परंपरेतही थोड्याफार फरकाने हीच गोष्ट येते.

कथेतील या सीमेवरच्या वाटेला इतिहासाचाही आधार आहे. इ.स.पू. 326 मध्ये अलेक्झांडर पंजाबात होता. मगधाच्या प्रचंड सैन्याच्या वार्ता ऐकून त्याचे सैनिक व्यास नदीच्या काठी अडून बसले व त्याला परतावे लागले. इ.स.पू. 323 मध्ये तो बाबिलोनला मरण पावला आणि त्याने मागे ठेवलेली यवन ठाणी डळमळली. या संधीत चंद्रगुप्ताने वायव्येकडील प्रदेश मुक्त केला आणि इ.स.पू. 321 च्या सुमारास तो मगधाच्या सिंहासनावर बसला. ग्रीक लेखक त्याला सँड्रोकोट्टस म्हणतात. हा सँड्रोकोट्टस म्हणजेच आपला चंद्रगुप्त, हे विल्यम जोन्स यांनी 1793 मध्ये दाखवून दिले, आणि प्राचीन भारताच्या कालगणनेला पहिला भक्कम खांब मिळाला.

अलेक्झांडरचा सेनापती सेल्युकस पुढे पश्चिम आशियाचा स्वामी झाला आणि गमावलेला मुलूख परत मिळविण्यासाठी सिंधूपर्यंत आला. इ.स.पू. 303 च्या सुमारास तह झाला. काबूल व कंदाहारकडील विस्तृत प्रदेश चंद्रगुप्ताकडे आला. दोन्ही घराण्यांत विवाहसंबंध ठरला आणि सेल्युकसला 500 हत्ती मिळाले. दोन वर्षांनी इप्ससच्या रणांगणावर याच हत्तींनी सेल्युकसच्या पक्षाला विजय मिळवून दिला. कंदाहारला 1958 मध्ये अशोकाचा ग्रीक व अरेमाइक भाषांतील लेख सापडला. आजोबांनी मिळविलेला तो प्रदेश नातवापर्यंत टिकून होता, याची ही साक्ष.

तहानंतर सेल्युकसचा वकील मेगॅस्थिनिस पाटलिपुत्रास आला. त्याचा मूळ ग्रंथ हरवला असला तरी स्ट्रॅबो, एरियन आदींनी त्यातील मजकूर जपला. नगरी सुमारे 14 किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद होती. तिच्याभोवती लाकडी तट होता, त्याला 570 बुरूज आणि 64 दरवाजे होते. पाटण्याजवळ बुलंदीबाग येथे या लाकडी तटाचे अवशेष जमिनीखाली मिळाले आहेत, तर कुम्रहारला स्तंभयुक्त सभागृहाचे. नगराचा कारभार पाच-पाच जणांची सहा मंडळे पाहत. कोणी कारागिरांची देखरेख करी, कोणी परदेशीयांची व्यवस्था पाही, कोणी जन्म-मृत्यूची नोंद ठेवी. आजच्या महानगरपालिकांनाही नोंद घ्यावी अशी ही व्यवस्था आहे.

चाणक्याचे अर्थशास्त्र 1905 मध्ये म्हैसूरच्या ग्रंथालयात श्यामशास्त्रींच्या हाती लागले व 1909 मध्ये छापले गेले. त्याचे आजचे स्वरूप नंतरच्या काळातील आहे असे बहुतेक विद्वान मानतात, त्यामुळे त्यातील प्रत्येक नियम चंद्रगुप्ताच्या दरबारात चालत होता असे धरता येत नाही. शिलेवरचा पुरावा अधिक खात्रीचा असतो. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या, इ.स. 150 च्या रुद्रदामनाच्या लेखात, चंद्रगुप्ताचा राष्ट्रीय पुष्यगुप्त याने तेथे सुदर्शन तलाव बांधला असे म्हटले आहे. नेमिनाथांच्या निर्वाणभूमीची यात्रा करणारे भाविक या शिलेजवळूनच गिरनारकडे जातात, पण थांबून ती पाहणारे थोडे. त्याच शिलेवर अशोकाचेही लेख आहेत. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे 1882 मध्ये अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. कोकण किनाऱ्यापर्यंत मौर्यांचा अंमल पोहोचल्याचा तो पुरावा होय.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जस्टिन हा रोमन लेखक म्हणतो की, यवनांच्या दास्यातून सोडविलेल्या प्रजेला चंद्रगुप्ताने आपल्याच दास्यात ठेवले. परकीयाचे हे मत आहे, तरीही एवढे मोठे साम्राज्य रक्त न सांडता उभे राहिले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. राजाच्या भोवती शस्त्रधारी स्त्रियांचा पहारा असे आणि कारस्थानाच्या भीतीने तो रात्रीतून वारंवार शयनस्थान बदलत असे, असेही ग्रीक वृत्तांत सांगतात. लक्षावधी सैन्याच्या स्वामीला स्वतःच्या महालात सुखाची झोप नव्हती. त्याच्या पुढील निर्णयाकडे पाहताना ही शय्या मला नेहमी आठवते.

सुमारे 24 वर्षे राज्य केल्यावर, इ.स.पू. 297 च्या सुमारास, त्याने सिंहासन पुत्र बिंदुसार याच्या हाती सोपविले. दिगंबर परंपरेनुसार अंतिम श्रुतकेवली आचार्य भद्रबाहू यांनी उत्तरेत बारा वर्षांचा दुष्काळ पडणार हे निमित्तज्ञानाने जाणले आणि बारा हजार मुनींचा संघ घेऊन ते दक्षिणेकडे निघाले. चंद्रगुप्ताने त्यांच्याकडून दीक्षा घेतली व तो संघाबरोबर चालू लागला. श्रवणबेळगोळच्या कटवप्र टेकडीवर येताच आचार्यांना आपला अंत जवळ आल्याचे उमगले. त्यांनी संघाला विशाखाचार्यांसह पुढे पाठविले. सेवेसाठी एकटा चंद्रगुप्त मागे राहिला. ज्याच्या शब्दासरशी सेना हलत, तो आता एका वृद्ध गुरूची वैयावृत्त्य करीत गुहेत राहू लागला. गुरूंच्या समाधीनंतर त्यांच्या चरणांची आराधना करीत त्याने काही वर्षे काढली व अखेर सल्लेखनापूर्वक देह ठेवला. तिलोयपण्णत्तीत मुकुटधारी राजांमध्ये जिनदीक्षा घेणारा अखेरचा राजा म्हणून त्याचा उल्लेख आहे.

श्वेतांबर परंपरा वेगळी आहे. तीत भद्रबाहुस्वामी दुष्काळाच्या काळात नेपाळात साधना करीत होते. हेमचंद्राचार्य चंद्रगुप्ताला जिनधर्माचा श्रद्धावान राजा म्हणतात व त्याचे समाधिमरणही सांगतात, परंतु दक्षिणयात्रा सांगत नाहीत. राजा अखेरीस जिनमार्गी होता आणि त्याने समाधीने देह ठेवला, याविषयी दोन्ही परंपरा एकमुखी आहेत, आणि मला हे ऐक्य मतभेदाहून महत्त्वाचे वाटते.

इतिहासकारांनीही यावर पुष्कळ वाद घातला. श्रवणबेळगोळचा सर्वांत जुना लेख इ.स. 600 च्या सुमाराचा, म्हणजे घटनेनंतर नऊशे वर्षांचा. त्यात भद्रबाहू, उज्जयिनी, बारा वर्षांचे संकट आणि कटवप्रावर देह ठेवणारे आचार्य प्रभाचंद्र यांचा उल्लेख आहे. प्रभाचंद्र हे चंद्रगुप्ताचेच दीक्षानाम, असे लुईस राइस यांनी मांडले. फ्लीट यांनी ते खोडून काढले. व्हिन्सेंट स्मिथ यांनी आधी शंका घेतली, मात्र पुढे आपले मत बदलून ही परंपरा मुळात खरी असावी असे लिहिले. एवढ्या बलाढ्य राजाची सत्ता ऐन भरात असताना संपते, आणि तरीही राज्यात वारसाहक्काचे युद्ध झाल्याची नोंद कोठेच नाही. स्वेच्छेने केलेल्या राज्यत्यागानेच याचा सरळ उलगडा होतो.

बिंदुसारानंतर अशोक, अशोकानंतर त्याचा नातू संप्रती. आर्य सुहस्तींच्या उपदेशाने संप्रतीने जिनधर्माचा जो प्रसार केला, त्याच्या कथा पश्चिम भारतातील अनेक मंदिरांशी आजही जोडल्या जातात. इ.स.पू. 185 च्या सुमारास पुष्यमित्र शुंगाने अखेरच्या मौर्याचा वध केला आणि साम्राज्य संपले.

कटवप्राला आता चंद्रगिरी म्हणतात. समोरच्या विंध्यगिरीवर चावुंडरायाने 981 मध्ये प्रतिष्ठापिलेले गोम्मटेश्वर पाहून आपले बहुतेक यात्रेकरू थकतात आणि ही लहान टेकडी राहून जाते. तेथे भद्रबाहूंची गुहा आहे, गुहेत चरणचिन्हे आहेत. जवळच चंद्रगुप्त बसदी आहे, टेकडीवरील मंदिरांत अगदी लहान. मध्यभागी पार्श्वनाथ, दोन्ही बाजूंस पद्मावती व कुष्मांडिनी. तिच्या दारापुढे दासोज नावाच्या शिल्पीने बाराव्या शतकात कोरलेली दगडी जाळी आहे. लहान लहान चौकटींत भद्रबाहू आणि चंद्रगुप्त यांच्या चरित्रातील 90 प्रसंग तीवर आहेत. जाळीच्या छिद्रांतून उजेड आत पडतो, त्यामुळे सकाळच्या वेळी ती पाहावी.