डॉ. हॅरल्ड मॅन

प्रयोगशाळेत निपुण असे पंडित पुष्कळ. परंतु तेथून उठून रयतेच्या उंबरठ्यावर जाणारे विरळाच. अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

डॉ. हॅरल्ड मॅन यांचा जन्म इ. स. १८७२ मध्ये इंग्लंडात झाला. रसायनशास्त्रात पारंगत होऊन ते इ. स. १९०० मध्ये हिंदुस्थानात चहामळेवाल्यांच्या संघाचे शास्त्रज्ञ म्हणून आले. खुडलेली पाने आंबवून चहास रंग व स्वाद कसा येतो, याचे त्यांनी संशोधन केले. इ. स. १९०७ मध्ये ते पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे मुख्य झाले. पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालकही झाले.

मातीचा कस जाणणाऱ्या मॅनसाहेबांस रयतेच्या दारिद्र्याचे मूळ मातीत सापडेना. म्हणून त्यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर गावाची कसून पाहणी केली. तेथे १५६ खात्यांचे ७२९ तुकडे झालेले. त्यांपैकी ४६३ एक एकराहूनही लहान! इ. स. १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांचे खाते इ. स. १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते. हा वृत्तान्त त्यांनी इ. स. १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. तुकडेबंदीचा कायदा मात्र इ. स. १९४७ मध्ये झाला. मॅनसाहेब इ. स. १९६१ मध्ये निवर्तले.

आज पिंपळे सौदागरात, आमच्या एव्हरशाईन सिटीप्रमाणेच, उंच इमारती उभ्या आहेत. परंतु आमच्या ताटातील घास अद्यापि शेतकऱ्याच्याच श्रमाचा आहे. बालमित्रहो, परीक्षानळी हाती धराल तेव्हा त्याचे स्मरण ठेवा.