वांगणीच्या माळावर कॅमेरा आला तेव्हा

नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोशीर लागते. कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या या पट्ट्यात मुंबई-पुण्याकडची वऱ्हाडे उतरतात, शेतघरांच्या अंगणात मांडव पडतात आणि लग्नाआधीच नियोजित वधू-वर छायाचित्रकाराला घेऊन नदीकाठी, भातखाचरांच्या बांधावर येतात. कॅमेरा पाहून आता कुणी दचकत नाही. मात्र सुमारे ११० वर्षांपूर्वी, नेरळच्या अलीकडच्या वांगणी गावात कॅमेऱ्यासाठी आलेल्या मंडळींना गावकऱ्यांनी दरोडेखोर समजून अडवले होते. ही मंडळी होती धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांची आणि काम चालले होते 'राजा हरिश्चंद्र'चे.

चित्रपटाचे जनक म्हणून फाळके सर्वांना ठाऊक आहेत. त्याआधी ते छायाचित्रकार होते आणि तो व्यवसाय त्यांना फळला नाही, हे तितकेसे आठवले जात नाही. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात प्रवेश घेतला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबरच छायाचित्रणाचे धडे गिरवले. गोध्र्यात त्यांनी छायाचित्रणाचे दुकान थाटले. पण १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल दोघेही गेले. उद्ध्वस्त मनाने ते बडोद्याला परतले. तेथे पुन्हा व्यवसाय मांडला, तर कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य घटवतो, अशी समजूत आडवी आली. गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटकांचे पडदे रंगवणे, जादूचे प्रयोग शिकणे, असे हाताला आणि मनाला रिझवणारे अनेक उद्योग त्यांनी केले.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह गिरिजा करंदीकर यांच्याशी झाला. लग्नानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. या विवाहाची छायाचित्रे किती निघाली असतील कोण जाणे, पण मराठी चित्रपटसृष्टीचा पाया या संसारातच रचला गेला. पुरातत्त्व खात्यातील नोकरी सोडून फाळके यांनी खंडाळ्याचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळ्यात छपाईचा व्यवसाय सुरू केला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या मुद्रणाशीही त्यांचा संबंध आला. पुढे छापखाना मुंबईत दादरला आला आणि भागीदारांशी मतभेद झाल्यावर तोही सुटला.

१९११ मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि तेथून त्यांना चलच्चित्रांचा ध्यास लागला. दिवसरात्र त्याच विषयात बुडून गेल्याने डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दृष्टीही गेली. उपचारांनी ती परत आली. मग विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, तंत्र शिकून आणि यंत्रसामग्रीची सोय करून परतले.

चित्रपटासाठी भांडवल कोण देणार, हा प्रश्न होताच. त्यासाठी त्यांनी घरातच एक प्रयोग केला. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा एका जागी ठेवला आणि अंकुराची वाढ थोडी थोडी टिपत गेले. पडद्यावर रोपटे क्षणार्धात वाढताना पाहून पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला. तरीही रक्कम अपुरीच होती. सरस्वतीबाईंनी दागिने तारण ठेवण्यास दिले. त्यांचा वाटा तेवढ्यावर थांबला नाही. फिल्मच्या पट्टीच्या कडांना अंधारात छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, उन्हात पांढरी चादर धरून पात्रांच्या तोंडावर उजेड पाडणे आणि या साऱ्याच्या जोडीला साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हे त्यांचे रोजचे काम होते. तारामतीच्या भूमिकेला स्त्री न मिळाल्याने ती अण्णा साळुंके यांनी केली. रोहिदास झाला फाळके यांचाच मुलगा भालचंद्र.

बाहेरची दृश्ये घेण्यासाठी मंडळी आगगाडीने वांगणीला उतरली. फाळके मागून येणार होते. पेट्यांतून लाकडी तलवारी, ढाली आणि भाले निघाल्यावर गावात घबराट पसरली आणि पोलिसांपर्यंत वर्दी गेली. फाळके पोहोचले, त्यांनी कॅमेरा मांडून प्रकार काय आहे ते दाखवले, तेव्हा कुठे संशय फिटला. याच चित्रणात भालचंद्र खडकावर पडून जखमी झाला. फाळके यांनी प्रथमोपचार केले. मुलाला मुंबईला न्यावे, असा सल्ला सोबत्यांनी दिला. परंतु गाठीचे पैसे संपत आले होते. मुलगा बेशुद्ध असतानाच रोहिदासाच्या मृत्यूचे दृश्य त्यांनी टिपल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. बाप आणि कलावंत यांच्यातील हा पेच आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करतो.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. सुमारे ३,७०० फूट लांबीच्या त्या चित्रपटाने फाळके यांना कीर्ती दिली, पण स्थैर्य फार काळ लाभले नाही. भागीदाऱ्या मोडल्या, बोलपट आले आणि १९३७ च्या 'गंगावतरण'नंतर ते बाजूला पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो.

पोशीरच्या बांधावर आज एखादा साहाय्यक पांढरा पडदा धरून नवरीच्या चेहऱ्यावर ऊन वळवताना दिसतो. दागिने गहाण टाकून, चुलीवरचे आधण उतरवून हेच काम करणाऱ्या सरस्वतीबाईंचा चेहरा मात्र त्या पहिल्या चित्रपटात कुठेच नाही. त्यांनी धरलेला उजेड तेवढा पडद्यावर राहिला.