बाबासाहेबांची वसतिगृहे : हार्टली हॉल ते नागसेनवन

माथेरान, कर्जत, खालापूर भागातल्या आपल्या मुलाला मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळतो, तेव्हा घरात फीच्याही आधी एक प्रश्न निघतो, पोराने राहायचे कुठे? शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न भीमराव रामजी आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्यापुढेही होता. बाबासाहेबांच्या पदव्या आपल्याला तोंडपाठ आहेत. त्या पदव्यांचा अभ्यास ज्या खोल्यांत झाला, त्या खोल्यांकडे मात्र आपण क्वचितच पाहतो. आज आम्ही तेच करणार आहोत.

बाबासाहेबांचे शालेय शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये झाले. तेव्हा सारे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत असे. स्वयंपाक, झोप, पाहुणे आणि अभ्यास, सगळे त्याच चार भिंतींत. सुभेदार रामजी मुलाला रात्री दोन वाजता उठवत, कारण शांतता तेव्हाच मिळायची. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात बी.ए. झाले. 2 फेब्रुवारी 1913 रोजी वडील गेले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीचा करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. जुलै 1913 मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले.

कोलंबिया विद्यापीठात पुरुष विद्यार्थ्यांसाठी हार्टली हॉल आणि लिव्हिंग्स्टन हॉल ही वसतिगृहे होती. बाबासाहेब आधी हार्टली हॉलमध्ये उतरले. तिथले जेवण मानवले नाही, म्हणून आठवडाभरातच 114व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. काही भारतीय विद्यार्थी तिथे राहत होते. नंतर ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहायला आले. तिथे त्यांचे सोबती होते नवल भथेना, एक पारशी तरुण. ही मैत्री जन्मभर टिकली. 1920 मध्ये अपुरे शिक्षण पुरे करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा भथेनांनीच त्यांना पाच हजार रुपये उसने दिले.

साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते, तो इथे सगळ्यांच्या बरोबरीने राहत होता, सगळ्यांबरोबर जेवत होता, ग्रंथालयात हवे ते पुस्तक हाताळत होता. शिष्यवृत्तीतून वाचवून घरी पैसेही पाठवत होता. या तीन वर्षांत झालेले काम पाहा. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे विषय त्यांनी अभ्यासले. 1915 मध्ये प्राचीन भारतातील व्यापारावरच्या प्रबंधासाठी एम.ए. मिळाली. 9 मे 1916 रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जात कशी निर्माण झाली, ती कशी टिकते, याची ती मांडणी आजही अभ्यासली जाते. तेव्हा त्यांचे वय होते फक्त 25 वर्षे.

मग 1917 साल आले. लंडनमधले शिक्षण अर्धवट सोडून करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्याला गेले. एवढ्या शिकलेल्या माणसाला त्या शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि खोली खाली करायला सांगून गेला. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला, दोन्ही ठिकाणी निराशा पदरी आली. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठीबागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. न्यूयॉर्कमध्ये खोलीतला सोबती पारशी होता, बडोद्यात काठी घेऊन आलेलेही पारशीच होते. फरक माणसाच्या धर्माचा नव्हता. अस्पृश्यता मानणाऱ्या समाजात पाऊल टाकताच दुसऱ्या धर्माची माणसेही ती पाळू लागतात, हे बाबासाहेबांनी स्वतःच्या अनुभवातून पुढे लिहून ठेवले.

आमच्या मते, बाबासाहेबांच्या शैक्षणिक कार्याचे मूळ या दोन खोल्यांमधल्या अंतरात आहे. 20 जुलै 1924 रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि 4 जानेवारी 1925 रोजी सभेचे वसतिगृह सोलापुरात सुरू झाले. हायस्कूलच्या मुलांना तिथे राहणे, जेवण, कपडे आणि वह्या-पुस्तके मिळत. त्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिकही काढले. 1928 मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन करून त्यांनी वसतिगृहांचे काम आणखी वाढवले. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय, जे पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेले. नागसेनवनात वर्गांच्या जोडीला वसतिगृहे उभी राहिली. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून आलेली आपली कितीतरी मुले तिथे राहून शिकली आणि लेखक, प्राध्यापक, कार्यकर्ते झाली.

शाळेचे दार उघडले तरी मुलाला रात्री डोके टेकायला जागा नसेल, तर ते दार त्याच्यासाठी बंदच राहते. बाबासाहेबांनी हे जाणले होते, म्हणून त्यांनी शाळा काढण्याआधी वसतिगृह काढले.

6 डिसेंबर आणि 14 एप्रिलला आपण अभिवादन करतो, ते केलेच पाहिजे. पण तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी जून महिनाही तितकाच महत्त्वाचा मानावा, अशी आमची विनंती आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहाचे अर्ज कधी निघतात, कागदपत्रे कोणती लागतात, हे वाडीवस्तीवरच्या मुलामुलींना वेळेत सांगा. वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिचा अर्ज भरायला बरोबर जा. वसतिगृहात पाणी नसेल, जेवण निकृष्ट असेल, तर मुलांना एकटे लढू देऊ नका. आणि ज्यांना खोली मिळाली आहे, त्यांनी लिव्हिंग्स्टन हॉलमधला तो विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवावा. त्याने मिळालेल्या तीन वर्षांतला वेळ वाया घालवला नाही, आणि परत आल्यावर इतरांसाठी खोल्या उभारल्या.

जय भीम!