शिरोडकर टाक्याचे जनक

चौथ्या-पाचव्या महिन्यात वारंवार गर्भ पडला, तर एके काळी तो स्त्रीच्या नशिबाचा भोग मानला जाई. त्यामागे गर्भाशयमुखाचा दुबळेपणा असू शकतो आणि गर्भारपणातच शस्त्रक्रिया करून तो सावरता येतो, हे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी दाखवून दिले.

२७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा गावी त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते १९२३ मध्ये एम.बी.बी.एस. व १९२७ मध्ये एम.डी. झाले. १९३१ मध्ये त्यांनी इंग्लंडची एफ.आर.सी.एस. ही पदवी मिळवली.

गर्भ वाढू लागला की दुबळे गर्भाशयमुख कळा न येताच उघडते. त्याभोवती टाका घालून ते आवळायचे आणि प्रसूतीचे दिवस जवळ आले की टाका काढायचा, अशी ही पद्धत. आरंभी टाक्यासाठी रुग्णेच्याच मांडीतील चिवट आवरणाची पट्टी वापरली जाई. १९५५ मध्ये शिरोडकरांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

हा सर्वच गर्भपातांवरचा इलाज मात्र नव्हे. पहिल्या तिमाहीतील सुमारे निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषांमुळे होतात. तेथे टाक्याचा उपयोग नाही. म्हणूनच आधी अचूक निदान महत्त्वाचे.

१९६० मध्ये पद्मभूषण व १९७१ मध्ये पद्मविभूषण या किताबांनी त्यांचा गौरव झाला. ७ मार्च १९७१ रोजी ते निवर्तले. ‘पिशवीच्या तोंडाचा टाका’ म्हणून ओळखला जाणारा हा उपचार जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत मात्र शिरोडकरांच्याच नावाने नोंदला गेला आहे.