सरपण वाचवणारा काउंट रमफर्ड

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, उष्णतेचा पाठ शिकवताना काउंट रमफर्डची गोष्ट वर्गात जरूर सांगा. त्याचं खरं नाव बेंजामिन थॉम्पसन. जन्म १७५३, अमेरिकेतलं वोबर्न गाव, शेतकऱ्याचं घर. सुरुवातीला तोही आपल्यासारखा शाळामास्तरच! ज्या गावात शिकवलं आणि लग्न केलं, त्या गावाचं जुनं नाव रमफर्ड. पुढे सरदारकी मिळाली तेव्हा त्याने तेच नाव घेतलं.

स्वातंत्र्ययुद्धात मात्र त्याने इंग्रजांना गुप्त बातम्या पुरवल्या, आणि बायको व तान्ही मुलगी मागे टाकून निघून गेला. हेही मुलांना सांगावं. शास्त्रज्ञ काही देव नसतो.

जर्मनीत म्युनिकला त्याने १७९० साली भिकाऱ्यांना काम आणि जेवण द्यायला सुरुवात केली. एवढ्या लोकांचा स्वयंपाक, मग सरपण किती लागणार? उघड्या चुलीची बरीचशी उष्णता भांड्याला लागतच नाही, हे त्याने हेरलं. त्याने विटांच्या बंद चुली बांधल्या. भांडं आत बसवलेलं, जाळ जाळीवर, हवा कमी-जास्त करायला झडप. सरपण कितीतरी कमी लागू लागलं.

आता आपल्याकडचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. कल्पना तीच. हिंगोलीकडच्या थंडीत तीन दगडांच्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापवायला तुराट्या-पऱ्हाट्यांचा भारा लागतो, आणि तो भारा बहुतेक आईच्याच डोक्यावर असतो. म्हणून हा पाठ नुसता परीक्षेपुरता नाही.

१७९८ मध्ये त्याने तोफेला भोक पाडतानाच्या घर्षणाने पाणी उकळल्याचा प्रयोग मांडला. जाळ नाही, तरी अडीच तासांत पाणी उकळलं! उष्णता हा पदार्थ नसून हालचाल आहे, असं त्याचं म्हणणं. लोकर-पिसांत अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, हेही त्याने दाखवलं. गिझरच्या किंवा सोलरच्या गरम पाण्याच्या पाइपाला आवरण घालतात ते याच कारणाने.

पुढे लाव्हाझिएच्या विधवेशी त्याचं लग्न झालं, पण पटलं नाही. एकदा भांडणात तिने त्याच्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं, असं त्याने मुलीला कळवलं होतं. १८१४ मध्ये पॅरिसजवळ तो वारला.

वर्गात करून बघा: सारखे दोन लोटे, सारखंच कोमट पाणी, दोन्हींवर झाकण. एकाला घोंगडीचा तुकडा गुंडाळा. अर्ध्या तासाने मुलांनाच हात लावून सांगू द्या.