सरकारी पहारा नव्हता, तेव्हा बाबासाहेबांच्या सभा कोण सांभाळत होतं?

१३ नोव्हेंबर १९२७. अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली होती. विषय होता अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा. अध्यक्ष होते ३६ वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परिषद सुरू असतानाच थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची तार येऊन धडकली. तरीही बाबासाहेबांनी परिषदेचं काम अर्धवट सोडलं नाही.

बाबासाहेब तेव्हा मुंबई विधिमंडळाचे सरकारनियुक्त सदस्य होते. पण आज नेत्यांमागे दिसतो तसा बंदूकधारी शिपायांचा ताफा त्यांच्यामागे नव्हता. सभेवर कोणी चालून आलं तर काय होतं, हे त्यांनी आठ महिन्यांपूर्वीच महाडमध्ये पाहिलं होतं.

महाडमध्ये काय घडलं?

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे कागदावर हक्क होता, पण तळ्यावर जायची सोय नव्हती.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर गावात अफवा उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेतलेला जमाव परिषदेच्या मांडवावर चालून गेला. जेवत असलेल्या, घराकडे निघालेल्या लोकांना गाठून मारहाण झाली. कित्येक जण जखमी झाले.

बाबासाहेब प्रवासी बंगल्यात होते. बातमी कळताच ते मोजक्या सोबत्यांसह रस्त्यावर उतरले. वाटेत जमावाने त्यांना घेरलं. देवळात जाण्याचा कोणताही बेत नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितलं आणि पुढे निघाले. त्यांच्या बाजूने लष्करातून निवृत्त झालेले बरेच जण आले होते. नुसता इशारा मिळाला असता तर महाडमध्ये रक्तपात झाला असता. बाबासाहेबांनी तो इशारा दिला नाही, उलट आपल्या माणसांना आवरलं. पुढे खटला उभा राहिला आणि हल्लेखोरांपैकी पाच जणांना शिक्षा झाली.

कायद्याने न्याय दिला खरा, पण तो मार खाल्ल्यानंतर. मार बसत असताना वाचवणार कोण, हा प्रश्न उरलाच.

समता सैनिक दल कसं होतं?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे समता सैनिक दल. महाडच्या लढ्याच्या काळात ते आकाराला आलं. आज सुरक्षा एजन्सीचे रक्षक असतात तशी ही पगारी माणसं नव्हती. स्वयंसेवकच होते, आणि त्यांच्यात लष्करी शिस्त अंगी मुरलेल्यांचा मोठा वाटा होता.

ही शिस्त आली कुठून? बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. महार समाजात फौजेतल्या नोकरीची मोठी परंपरा होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी त्यांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा दार उघडलं, युद्ध संपल्यावर पुन्हा लावून घेतलं. कवायत जाणणारी, पण सरकारला नको झालेली माणसं गावोगावी होती. दलाला त्यांचा आधार मिळाला.

काम साधंच होतं. मांडवाभोवती उभं राहायचं, गर्दीतून नेत्याला वाट करून द्यायची, मिरवणुकीच्या रांगा लावायच्या, गोंधळ घालायला आलेल्यांना थोपवायचं. अशी दलं त्या काळात इतरांचीही होती. काँग्रेसच्या अधिवेशनांसाठी डॉ. ना. सु. हर्डीकरांनी १९२३ मध्ये हिंदुस्थानी सेवा दल उभारलं होतं. फरक इतका की समता सैनिकांना सरकारी लाठीबरोबरच गावातल्या लाठीचाही सामना करावा लागत होता.

पोलीस कोणाच्या बाजूला?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसरी परिषद झाली. हजारो लोक तळ्यावर जायच्या तयारीने आले होते. पण विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला होता. माणसं तयार, स्वयंसेवक तयार, तरीही बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही. सत्याग्रह तहकूब झाला आणि कोर्टाची लढाई सुरू झाली. ती १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने संपली. अंबादेवीच्या बाबतीतही मंदिराच्या पंचांतर्फे दादासाहेब खापर्डे यांनी मुदत मागितल्यावर वाटाघाटींना वाव देण्यात आला.

२ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मात्र चित्र स्पष्ट दिसलं. मंदिराचे दरवाजे बंद होते आणि समोर पोलिसांचा बंदोबस्त. तो आत जाऊ पाहणाऱ्यांना अडवण्यासाठी होता. रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली.

अमेरिकेतही पुढे असंच घडलं. १९६४ मध्ये लुईझियानात नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांना पोलीस वाचवत नाहीत हे पाहून कृष्णवर्णीयांनी, त्यातही माजी सैनिकांनी, स्वतःचं संरक्षक दल काढलं.

सत्ता आली, तरी दल राहिलं

जुलै १९४२ मध्ये नागपूरला तीन परिषदा एकत्र भरल्या. एक राजकीय परिषद, एक समता सैनिक दलाची आणि एक महिलांची. महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. आता सरकारी यंत्रणा त्यांच्याही दिमतीला होती. तरी दल मोडीत निघालं नाही. कारण पहारा एका माणसापुरता नव्हता. गावकुसाबाहेरच्या माणसाला सभेला येऊन सुखरूप घरी परतता यावं, हा त्याचा हेतू होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षेसाठी लाखो लोक जमले, तेव्हाही शिस्त राखायला समता सैनिक उभे होते. जेमतेम दोन महिन्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले.

आज व्हीआयपी सुरक्षेला एक्स, वाय, झेड अशा श्रेण्या आहेत. पंतप्रधानांसाठी वेगळं एसपीजी आहे. खासगी सुरक्षा एजन्सीला २००५ च्या कायद्यानुसार परवाना लागतो. तरी काही नेते स्वतःचे पैलवान आणि बाउन्सर बाळगतात. नेत्याने स्वतःची माणसं भोवती उभी करणं चूक की बरोबर, हे ठरवायला दोन प्रश्न पुरतात: सरकार त्याचं रक्षण करायला खरंच तयार होतं का, आणि ती माणसं कायद्यापुढे थांबत होती का? १९२७ च्या डिसेंबरात, सगळी तयारी असताना, समता सैनिक मनाई हुकमापुढे थांबले होते.