आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे विद्यार्थिजीवन

गोमंतकातील साखवाळ हा गाव आपल्या देवस्थानांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. वेलिंगचे श्रीलक्ष्मीनरसिंह आणि केरीची श्रीविजयादुर्गा ही दैवते मूळची तेथलीच. पोर्तुगीज अमलातील छळाच्या काळात भाविकांनी ती तेथून हलविली, ही कथा वाचकांपैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली असेल. या गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी एका गौड सारस्वत कुटुंबात धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म झाला. पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे प्रकांड पंडित म्हणून त्यांचे नाव पुढे अमेरिकेपासून रशियापर्यंत पोहोचले. त्यांच्या पांडित्याविषयी अधिकारी विद्वानांनी लिहिलेच आहे. येथे सांगावयाचे आहे ते निराळे. हे गृहस्थ खऱ्या अर्थाने विद्यार्थी झाले ते वयाच्या तेविसाव्या वर्षी, लग्न होऊन घरी पाळणा हलल्यानंतर; आणि त्यांच्या पुढील आयुष्यातील बहुतेक निर्णय त्या उशिरा आरंभिलेल्या अध्ययनाने ठरविले.

भावंडांत ते धाकटे आणि प्रकृतीने अशक्त. गावच्या मराठी शाळेत थोडेबहुत शिक्षण झाले आणि तेथेच थांबले. त्या काळच्या गोव्यात पुढे शिकावयाचे म्हणजे एक तर पोर्तुगीज शाळा, नाही तर घाट ओलांडून ब्रिटिश मुलखात जाणे. मध्यम स्थितीच्या कुटुंबास दोन्ही अवघड. घरी माडांची बाग होती. तिची शिंपण, पाडेल्यांचा हिशेब, नारळाच्या विक्रीची देवघेव, एवढ्यात मुलाचे दिवस जाऊ लागले. लहान वयातच बाळाबाई या मुलीशी लग्न झाले. या सर्वांत जगावेगळे असे काहीच नव्हते. गोव्यातील शेकडो घरांत त्या वेळी हेच घडत होते, आणि त्यांतील बहुतेक मुले पुढे त्याच बागेत म्हातारी झाली.

फरक पडला तो वाचनाने. बागेत बसून हाती पडेल ते मराठी पुस्तक वाचण्याचा त्यांना नाद होता. तुकोबारायांच्या चरित्राने आणि अभंगांनी त्यांच्या मनावर पहिला मोठा संस्कार केला. फारसे न शिकलेला, प्रपंचात पोळलेला माणूसही स्वतःला घडवू शकतो, हा धीर त्यांना तेथून मिळाला असावा. त्यानंतर विनायक कोंडदेव ओक यांच्या बालबोध या मासिकात आलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले. बालबोध हे मुलांचे मासिक. त्यात थोर पुरुषांची लहान लहान चरित्रे येत असत. ते पान वाचून हजारो मुलांनी उलटले असेल. कोसंबींना मात्र त्या पानाने झपाटले. बुद्धाविषयी जे काही कळेल ते मुळातून समजून घ्यावयाचे, त्यासाठी आधी संस्कृत शिकावयाचे, आणि त्यासाठी घर सोडावयाचे, असा निश्चय त्यांच्या मनात हळूहळू पक्का होत गेला.

निश्चय करणे सोपे, निघणे कठीण. घर सोडण्याचे एकदोन प्रयत्न फसले. जाऊन ते परत आले. १८९८ साली वडील वारले. पुढच्या वर्षी माणिक ही पहिली मुलगी झाली. आणि त्याच १८९९ सालाच्या अखेरीस पत्नीस व तान्ह्या मुलीस मागे ठेवून ते पुण्याची वाट चालू लागले.

या प्रस्थानाकडे भाविक मनाने पाहिले तर आपणास सहजच वैराग्याच्या जुन्या कथा आठवतात, आणि कोसंबींच्या डोळ्यांसमोरही कपिलवस्तूचे उदाहरण असणारच. तथापि बाळाबाईंकडे पाहिले म्हणजे गौरवाचे शब्द ओठांवरच थबकतात. पती कोठे आहे, परतेल की नाही, याची खात्री नसलेली ती तरुण स्त्री मुलीला घेऊन माहेरच्या आश्रयाने सात वर्षे राहिली. तिने सोसले म्हणून तो शिकला, असा हिशेब मांडणे मला प्रशस्त वाटत नाही. पण चरित्रकाराने तो विसरणेही योग्य नव्हे.

पुण्यास ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांस भेटले. या थोर पंडिताच्या साहाय्याने प्रार्थनासमाजाच्या आश्रयास राहून संस्कृताचा प्रारंभ झाला. परंतु जुन्या पद्धतीने शास्त्र शिकावयाचे तर काशीच गाठली पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर अशी मराठी माणसांची वस्ती असलेली गावे करीत, कोठे ओळखीवर तर कोठे अनोळखी माणसाच्या सौजन्यावर, १९०० साली ते काशीस पोहोचले. या नगरांतील मराठी घरांनी परमुलखात निघालेल्या विद्यार्थ्यास घासभर अन्न आणि पथारीपुरती जागा देण्याची जी रीत पाळली, तिचा इतिहास कोणी स्वतंत्रपणे लिहावयास हवा. असो.

काशीत अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांच्या घरी पाठ घ्यावा, हा गरीब विद्यार्थ्याचा क्रम. लघुकौमुदीची सूत्रे घोकावयाची, गुरूपुढे म्हणून दाखवावयाची, चुकले की पुन्हा आरंभापासून. बरोबरचे विद्यार्थी दहाबारा वर्षांचे. जिभेला वळण लागण्याचे वय त्यांचे. चोवीस-पंचवीस वर्षांचा बाप्या त्यांच्या रांगेत बसून तेच पाठ म्हणतो, यात संकोच वाटण्यासारखे पुष्कळ होते. छत्रातील अन्न एकवेळचे, थंडीला पुरेसे पांघरूण नाही. पण व्याकरणाचा जो पाया येथे घातला गेला त्यावरच पुढे पालीची इमारत उभी राहिली, आणि कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसताना विद्यापीठांनी त्यांना मानले ते या पायाच्या बळावर.

१९०२ साली बौद्ध धर्म प्रत्यक्ष पाहावयास मिळेल या आशेने ते नेपाळात गेले. तेथे जे दिसले त्याने त्यांची निराशा झाली. परतताना बुद्धगयेस आले असता पाली ग्रंथांचे अध्ययन सिंहलद्वीपात होते असे कळले, आणि हा निर्धन विद्यार्थी कलकत्त्यामार्गे तिकडे निघाला. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविर हे त्या काळचे सर्वमान्य आचार्य होते. त्यांच्या पायांशी बसून कोसंबींनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास आरंभिला.

येथे एक अडचण वाचकांस सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व कार्याचे बीज तीतच आहे. संस्कृतास देवनागरी आहे. पालीस स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलात पाली ग्रंथ सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी लिपीत, सयामात तेथील लिपीत, तर युरोपीय पंडितांनी छापलेले रोमन लिपीत. ज्या देशात बुद्धाने उपदेश केला, तेथील माणसास त्याचे शब्द वाचावयाचे तर आधी परक्या लिपी शिकाव्या लागत. कोसंबींनी त्या एकामागून एक शिकल्या. सिंहलातील अन्नपाणी मानवेना म्हणून ते मद्रासेस आले, तेथून ब्रह्मदेशात गेले, भिक्षू झाले, ध्यानाचा अभ्यास केला. मध्यंतरी सारनाथ, कुशिनगर आदी क्षेत्रांचे दर्शन पायी घेतले. शेकडो वर्षांपूर्वी या देशातून गेलेली विद्या ते अशी दारोदार फिरून गोळा करीत होते, आणि घर सोडतानाचा हेतू त्यांना विसरता येत नव्हता. ही विद्या आपल्या लोकांस आपल्या भाषेत द्यावयाची होती. चीवर अंगावर ठेवून ते साधेल असे त्यांना वाटेना. १९०६ साली त्यांनी भिक्षुजीवन सोडले.

त्याच वर्षी ते गोव्यास परतले आणि बाळाबाईंना भेटले. १९०७ च्या जुलैत दामोदर हा मुलगा झाला. गणितज्ञ आणि इतिहाससंशोधक म्हणून पुढे जगन्मान्य झालेले ते हेच दामोदर धर्मानंद कोसंबी.

वंगभंगाच्या चळवळीत कलकत्त्यास राष्ट्रीय शिक्षणासाठी नवे महाविद्यालय निघाले होते. तेथे कोसंबी पाली शिकवू लागले. पाठोपाठ सर आशुतोष मुखर्जींच्या कलकत्ता विद्यापीठातही त्यांची नेमणूक झाली. सात वर्षांपूर्वी अन्नछत्राच्या पंगतीत बसणारा मनुष्य आता विद्यापीठात अध्यापक झाला. पगार बरा, मान मोठा. कुटुंबास स्वस्थता मिळण्याचा योग प्रथमच आला होता.

आणि नेमक्या या वेळी बडोद्याहून श्रीमंत सयाजीराव महाराजांचा निरोप आला. महाराष्ट्रात कोठेही राहावे, वर्षाला एक ग्रंथ लिहावा, म्हणजे दरमहा ५० रुपये बडोदे सरकारकडून मिळतील. कलकत्त्याचा पगार याहून कितीतरी अधिक होता, आणि विद्यापीठ त्यांना सोडावयास राजी नव्हते. कोणाही संसारी माणसाने काय केले असते हे सांगावयास नको. कोसंबींनी बडोद्याचे ५० रुपये पत्करले आणि १९०८ साली कलकत्ता सोडले.

मला त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग गृहत्यागाहूनही मोठा वाटतो. घर सोडताना हाती गमावण्यासारखे फारसे नव्हते. या वेळी होते, आणि आपण काय सोडीत आहो हे कळण्याइतके वयही झाले होते. बालबोधातील एका मराठी लेखाने ज्याला या मार्गास लावले, त्याला त्या लेखाचे ऋण मराठीतच फेडावयाचे होते. बडोद्यास त्यांनी दिलेली व्याख्याने बुद्ध, धर्म आणि संघ या नावाने १९१० साली पुस्तकरूपाने निघाली. गावच्या मराठी शाळेपुरते शिकलेल्या माणसासही ती समजावी अशा भाषेत ती आहेत. डॉ. भांडारकरांच्या पाठबळाने मुंबई विद्यापीठातही पालीस स्थान मिळाले.

पुण्यास असताना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वुड्स यांची व त्यांची गाठ पडली, आणि एका अपुऱ्या राहिलेल्या कामासाठी त्यांना तिकडून निमंत्रण आले. विसुद्धिमग्ग हा आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात सिंहलद्वीपात रचलेला ग्रंथ. शील, समाधी आणि प्रज्ञा या क्रमाने साधकाचा मार्ग त्यात तेवीस प्रकरणांत सांगितला आहे. त्याची शुद्ध आवृत्ती सिद्ध करण्याचे काम हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने हाती घेतले होते. लहानपणीच्या अपघाताने पाठीचा कणा दुखावलेला हा पंडित १८९९ च्या जानेवारीत, काम अर्धे ठेवून वारला. त्याच वर्षाच्या शेवटी कोसंबी साखवाळ सोडून निघाले होते. ब्रह्मी आणि सिंहली पोथ्यांचे पाठ एकमेकांशी ताडून पाहावयाचे, तर त्या लिपी ज्याच्या डोळ्यांत बसल्या आहेत असाच मनुष्य पाहिजे होता. इंग्रजीचे शालेय शिक्षण नसलेले कोसंबी १९१० साली हार्वर्डला गेले. ग्रंथावरील श्रेयाच्या प्रश्नावरून तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि १९१२ साली ते परतले.

त्यानंतर फर्गसन महाविद्यालयात १९१८ पर्यंत त्यांनी पाली शिकविली. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत हे पालीचे नामांकित पंडित त्यांचेच विद्यार्थी होत. स्वतः शिकण्यासाठी ज्याने समुद्र ओलांडले, त्याने पुढच्या पिढीची ती यातायात वाचविली.

१९१८ साली हार्वर्डहून पुन्हा बोलावणे आले तेव्हा त्यांनी माणिक आणि दामोदर या दोघांनाही बरोबर नेले. वडिलांनी घर सोडले त्या वेळी जी पाळण्यात होती, त्या माणिकने अमेरिकेत रॅडक्लिफ महाविद्यालयात शिक्षण घेतले. बाळाबाई मात्र याही वेळी मागेच राहिल्या.

पुढील वीस वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात अध्यापन व ग्रंथलेखन. १९२४ साली निवेदन हे आत्मवृत्त. १९२९ साली लेनिनग्राड येथे बौद्ध विद्येच्या संस्थेत वास्तव्य. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात कारावास. आणखी दोन वेळा हार्वर्ड. १९३० नंतरच्या दशकात मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार स्थापिला. त्यांची सर्वच मते आपणास पटतील असे नाही. वेद, पुराणे आणि ब्राह्मणी परंपरा यांविषयी त्यांनी जे कठोरपणे लिहिले, त्याने आपल्यापैकी अनेक आस्तिक मने दुखावली आहेत, आणि तो वाद येथे मिटविण्याचे कारण नाही. मात्र ज्या ग्रंथांविषयी त्यांनी मत दिले ते त्यांनी मुळातून वाचलेले होते.

उतारवयात व्याधींनी जर्जर झाल्यावर त्यांनी अन्न सोडून देह ठेवण्याचे ठरविले. गांधीजींनी त्यांस परावृत्त केले, पण प्रकृती पुन्हा सावरली नाही. १९४७ च्या जूनमध्ये, देश स्वतंत्र होण्यास दोनतीन महिने राहिले असता, सेवाग्राम येथे त्यांचा अंत झाला.

विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती त्यांनी हयातीतच सिद्ध केली. मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने ती १९४० साली छापली. हार्वर्डची रोमन लिपीतील आवृत्ती बाहेर पडावयास मात्र १९५० साल उजाडले. तिच्या मुखपृष्ठावर हेन्री क्लार्क वॉरन आणि धर्मानंद कोसंबी अशी दोन नावे आहेत.